मंगळवारचा पाय

आमच्या ताईंच्या बोटांना डोळे आहेत, असं लोक म्हणतात. ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. पंधरा वर्षं मी हे ऐकत आले आणि पंधरा वर्षं ते ऐकून माझीच मान ताठ व्हायची. आता कोणी असं म्हणालं की मी उठते आणि खिडकी उघडते. ती आधीच उघडी असली तर बंद करते.

तशी मला मुळातच एका जागी बसायची सवय नाही. माझा नवरा म्हणतो, हिच्या खुर्चीत निखारे आहेत. आणि तोंडाचं म्हणाल तर सासरी पाऊल टाकल्यापासून माझं तोंड प्रसिद्ध आहे. दिसलं की बोलायचं, मग समोरच्याला आवडो न आवडो. आयुष्यात एकदाच दिसलं आणि बोलले नाही. तेच सांगायला बसलेय. बसलेय म्हणजे मधूनमधून उठतेय.

लाँड्रीच्या वर, पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या आणि कार्डांचं कपाट. आतल्या खोलीत मालीशचं टेबल, एक पडदा, चादरींची चळत आणि गरम पाण्याचं भांडं, त्यात तेलाची वाटी ठेवलेली. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे आमच्याकडे कोणाला थंडी वाजत नाही. ताई आधी एका हॉस्पिटलात व्यायाम-उपचाराच्या विभागात मदतनीस होत्या. नऊ वर्षं लोकांना धरून चालवलं, मग पस्तिशीच्या आसपास मालीशचा रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली आणि या दोन खोल्या घेतल्या. मी बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरत होते. मला त्यांनी तिथून उचललं आणि हाताला धरून शिकवलं.

ताईंचा हट्ट एकच. मालीश ही चैन नव्हे, दात घासण्यासारखं काम आहे. दुखलं तर या आणि नाही दुखलं तरी या. कोणी नवीन माणूस आला आणि म्हणाला, "बाई, एकदाच जोरात दाबून सगळं मोकळं करून टाका," की त्या विचारायच्या, "अहो, एकदाच जेवून महिना काढता का?" काही जण फणकारून निघून जायचे. जे राहायचे ते वर्षानुवर्षं राहायचे. शिंपीणबाई बुधवारी, शाळेतले चित्रकलेचे मास्तर गुरुवारी, आणि मंगळवारी सकाळी दहाला ड्रायव्हरसाहेब.

आणि पद्धत एकच. माणूस पालथा झोपला की तेल लावण्याआधी ताई पायाशी उभ्या राहायच्या. दोन्ही हातांची तीन-तीन बोटं दोन्ही पायांवर एकाच वेळी ठेवायच्या, घोट्यापासून गुडघ्याच्या मागपर्यंत, अगदी हळू, डोळे मिटून. ऊब कमी-जास्त आहे का, सूज आहे का, कुठे कडक लागतंय का. "एकट्या पायाला विचारलं तर तो काही सांगत नाही," त्या म्हणायच्या. "दोघांना एकदम विचारायचं." त्या वेळात खोलीत कोणी बोलायचं नाही, मी तर नाहीच. मग काम झालं की कार्ड काढायचं. कार्डावर माणसाचं डोक्यापासून पायापर्यंत, पुढून आणि मागून रेखाचित्र, त्यावर लाल पेन्सिलीने त्या दिवशी जे सापडलं त्याची खूण.

ड्रायव्हरसाहेब अकरा वर्षांपूर्वी आले. बत्तीस वर्षं शहराची बस चालवलेला माणूस, मणक्याची चकती सरकली आणि उजवं पाऊल अर्धं बधिर झालं. डॉक्टरांनी औषधं दिली, व्यायाम दिला, मालीशही करून बघा म्हणाले. आले ते तोंड पाडूनच आले. ताईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाऊल मांडीवर घेतलं आणि करंगळीपासून एकेक बोट दाबत विचारलं, "कळतंय का?"

"नाही."

"आता?"

"नाही हो बाई."

अशी चार बोटं झाली. अंगठा दाबल्यावर ते म्हणाले, "कळतंय." ताई म्हणाल्या, "झालं तर मग. इथून सुरुवात."

प्रत्येक मंगळवारी आधी हा प्रश्न, मग मालीश. सात महिन्यांनी करंगळीला कळलं. औषधाने कळलं, व्यायामाने कळलं की ताईंच्या हाताने, देव जाणे. साहेबांनी त्या दिवशी आम्हाला चहा पाजला, खालच्या लाँड्रीवाल्याला पाजला आणि त्याच्याकडे कपडे न्यायला आलेल्या एका अनोळखी गृहस्थालाही पाजला. तेव्हापासून पाय ठणठणीत, पण मंगळवार काही सुटला नाही. बायको आधीच गेलेली, मुलगी लांबच्या गावी. मंगळवारची ते वाट बघायचे.

आता हातांचं सांगते. गेल्या थंडीत ताई हात झटकायला लागल्या. ओले हात झटकावेत तसे, पण हात कोरडे. मी विचारलं तर म्हणाल्या, "मुंग्या आल्यात गं, वय झालं." मग एक दिवस म्हणाल्या, "तेल बघ गं, कोमट झालंय का." या बाईने दहा-बारा वर्षं आपल्या तेलाच्या वाटीत कोणाला बोट घालू दिलं नव्हतं. मला वाटलं, मला बढती मिळाली. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा. मग एप्रनची गाठ मी बांधायला लागले. मग एकदा त्यांच्या उजव्या तर्जनीवर चांगला टपोरा फोड दिसला. मी म्हटलं, "हे कुठे भाजून घेतलंत?" तर त्यांनीच बोट डोळ्यांसमोर धरलं आणि विचारलं, "कुठे?"

तो 'कुठे' मला तेव्हाच ऐकू यायला हवा होता. माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही तो नाहीच.

त्या मंगळवारी साहेब दहाला पाच कमी असतानाच आले. मुलीकडे जाऊन रविवारी परतले होते, चौदा तास बसमध्ये बसून. "गाडी चालवणं सोपं," म्हणाले, "मागे बसून दुसऱ्याचं चालवणं बघणं ही खरी शिक्षा." मग मोजे काढता काढता म्हणाले, "डावी पोटरी जरा भरून आल्यासारखी झालीय." मी त्यांचे मोजे उचलून स्टुलावर ठेवत होते. मोज्याच्या रबराचा वळ उजव्या पायावर जेमतेम होता. डाव्या पायावर तो मळलेल्या पिठावर दोरा दाबावा तसा खोल रुतला होता.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात साहेब पालथे झाले आणि ताई डोळे मिटून पायाशी उभ्या राहिल्या.

आता त्या वेळी बोलायचं नाही हा एक नियम. दुसरा कुठे लिहिलेला नव्हता, पण पक्का होता. गिऱ्हाइकासमोर ताईंचं खोडून काढायचं नाही. खूप वर्षांपूर्वी मी एकदा ते केलं होतं. त्यानंतर चार दिवस ताई माझ्याशी थेट बोलल्या नाहीत. टॉवेल हवा असला तरी घरी भाऊजींना फोन, आणि भाऊजींचा मला फोन. मी कानाला खडा लावला होता. त्यात ताई म्हणाल्या, "दोन्ही सारखे." मी मनात म्हटलं, माझे काय नुसते डोळे, त्यांच्या तर बोटांनाच डोळे आहेत. आणि मूग गिळून गप्प बसले.

ताईंनी चाळीस मिनिटं मालीश केलं, डाव्या पोटरीवर जास्तच, कारण ती भरून आली होती. साहेब एकदा म्हणाले, "आज जरा लागतंय बाई." ताई म्हणाल्या, "प्रवासाचं आहे, सुटेल." मग साहेबांनी मोजे घातले, मला "येतो धाकट्या बाई" म्हणाले आणि किंचित लंगडत जिना उतरले.

पुढचं गिऱ्हाईक साडेअकराला होतं. मी चादर बदलली. टेबल पुसलं, परत पुसलं. बाहेर आले, आत गेले. शेवटी दारात उभी राहून म्हटलं, "ताई, साहेबांच्या डाव्या पायावर मोज्याचा वळ होता."

त्या कार्ड भरत होत्या. "असेल."

"उजव्यावर नव्हता तेवढा. डावा सुजला होता ताई."

"सुजला असता तर मला कळलं नसतं का?"

हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या हातातून कार्ड ओढून घेतलं. असं मी जन्मात कधी केलं नव्हतं. कार्डावर खूण होती कमरेच्या उजव्या बाजूला आणि एक उजव्या खांद्याखाली. आदल्या मंगळवारी तेच. त्याच्या आदल्या मंगळवारीही तेच. मी मागची कार्डं काढली. जुन्या वर्षांत दर आठवड्याची खूण वेगळी होती, आज मान, उद्या मांडी, कधी नुसता घोटा. गेले आठ महिने मात्र एकच चित्र, जणू छापून घेतलेलं. मी शिंपीणबाईंचं कार्ड काढलं. मास्तरांचं काढलं. सगळीकडे तीच गत.

"ताई, हे काय आहे?"

त्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. "अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं," त्या म्हणाल्या. "काही लागत नाही गं. गरम नाही, गार नाही. आधी कधीतरी व्हायचं, आता आठ महिने रोजच."

"आणि तुम्ही मालीश करत होता?"

"मला सगळे पाठ आहेत. कोणाचं कुठे धरतं, किती दाबलं की सुटतं. हात आपोआप जातो. मी गेल्या मंगळवारच्या पायावर हात फिरवते, आणि आजवर सगळं बरोबर निघालं."

"आणि आज?"

त्यांनी हात एप्रनखाली घेतले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. आणि बोलता बोलताच मला धडकी भरली, कारण हे आम्ही दोघी पुस्तकाच्या पहिल्या धड्यात शिकलोय. बराच वेळ एका जागी बसून प्रवास झालाय, आणि एकच पोटरी सुजलीय, तर तिला हात लावायचा नाही. आत शिरेत रक्ताची गाठ असू शकते. दाबली तर ती सुटते आणि फुप्फुसात जाते. माणूस चालता चालता जातो.

मी फोन लावला. वाजत राहिला. साहेब फोन घरी विसरण्यात पटाईत आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही दाराला कुलूप लावलं आणि निघालो, ताई एप्रनसकट, हाताला तेल तसंच. त्यांच्या घरी तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोहोचलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "आत्ताच गेले की, डेपोत. जिन्यात जरा बसले होते, दम लागला म्हणाले."

दम लागला म्हटल्यावर ताईंनी कठडा धरला. मी त्यांना ओढलं. डेपो दोन स्टॉपवर होता, बस येईपर्यंत थांबायचा मला धीर नव्हता, म्हणून पळालो. एक एकोणपन्नास वर्षांची आणि एक अठ्ठावन्न. रस्त्यात चार माणसं एकत्र उभी दिसली तरी वाटायचं, तिथे साहेब पडलेत. एकीकडे ताईंचा राग येत होता, एकीकडे स्वतःचा. मला दिसलं होतं. माझ्या या तोंडाला तेव्हाच कुलूप लागायचं होतं.

डेपोच्या कँटीनमध्ये साहेब तीन जुन्या ड्रायव्हरांबरोबर पत्ते खेळत होते. जिवंत होते. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण ते बोलता बोलता मधेच थांबून श्वास घेत होते, ते मी पाहिलं. ताई सगळ्यांदेखत त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. पँटचे दोन्ही पाय वर सरकवले, दोन्ही मोजे खाली केले आणि या वेळी डोळे उघडे ठेवून पाहिलं. डावी पोटरी तटतटली होती, वरची कातडी चकाकत होती.

"उठू नका," ताई म्हणाल्या. "पाय हलवू नका."

"बाई, माझ्या हातात तीन एक्के आहेत."

"ठेवा ते खाली."

त्यांच्या आवाजाने पत्त्यांचा डाव तिथेच मोडला. एका ड्रायव्हराने ॲम्ब्युलन्सला फोन केला.

गाठ होती. पोटरीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत, आणि तिचा एक लहान तुकडा फुप्फुसात पोहोचला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला फटकळ. "अजून तासाभराने आणलं असतं तर मी काही सांगू शकले नसते," म्हणाल्या. मग विचारलं, "कोणाच्या लक्षात आलं हे?"

साहेबांच्या नाकातोंडावर मास्क होता. त्यांनी तो बाजूला केला आणि ताईंकडे बोट दाखवलं. "आमच्या बाई. त्यांच्या बोटांना डोळे आहेत."

डॉक्टरीणबाईंनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला. ताईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात नर्सने आम्हा दोघींना बाहेर काढलं. हे खरं आहे, तिने आम्हाला बाहेर काढलं. पण बाहेर व्हरांडा होता, तिथे बाक होतं, दुसऱ्या दिवशी भेटायची वेळही होती. सकाळी त्याच पोटरीवर चाळीस मिनिटं दाबलं होतं, हे डॉक्टरीणबाईंना कोणी सांगितलं नाही. ताईंनी नाही, मीही नाही.

साहेब वाचले. घरी आले आणि प्रचाराला लागले. डेपोत सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं, विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला चहा देऊन सांगितलं. आमचा फोन खणखणायला लागला. "ज्या बाईंनी गाठ पकडली त्याच हव्यात," लोक म्हणायचे. "धाकट्या बाई नकोत, राग मानू नका." मी कसला राग मानतेय. ताई म्हणायच्या, माझी कंबर धरलीय, हीच बघेल. त्या दिवसानंतर त्यांनी कोणालाही हात लावला नव्हता.

मी दिवसाला आठ-आठ माणसं करत होते. पाय बघायचे, परत बघायचे, मग बोटांवर विश्वास नाही म्हणून टेप लावून मापायचे. चित्रकलेचे मास्तर एकदा टेबलावरून म्हणाले, "बाई, माझी पँट शिवायचा विचार आहे का?" रस्त्यात मी लोकांचे घोटे बघत चालायला लागले. घरी नवरा कामावरून आला की त्याचे मोजे मी उतरवायचे आणि वळ बघायचे. तो म्हणाला, "एवढं कौतुक लग्नाच्या वर्षीसुद्धा झालं नव्हतं माझ्या पायांचं." मी त्याच्यावर खेकसले आणि मग रडले. बिचाऱ्याला काही कळेना.

ताईंना मी रोज विचारायचे, "कधी सांगणार?"

"ते जरा बरे होऊ देत."

"आणि हाताचं? डॉक्टरकडे कधी जाणार? तुम्हीच सांगायच्या लोकांना, मनगटातली शीर दाबली जाते, लहानसं ऑपरेशन असतं म्हणून."

"डॉक्टर पहिला प्रश्न विचारेल, कधीपासून होतंय," ताई म्हणाल्या. "मग महिना सांगावा लागेल. महिना सांगितला की त्यात तो मंगळवार येतो."

"मग मी सांगते साहेबांना."

"सांग की," त्या म्हणाल्या. "तू तर सगळ्यांना सगळं सांगतेस. इतके दिवस का गप्प आहेस?"

तोंडात मारल्यासारखं झालं मला. कारण ते सांगायचं तर वळ मला आधी दिसला होता, हेही सांगावं लागणार होतं. मी चादरी घेऊन खाली लाँड्रीत गेले आणि तिथेच उभी राहिले. लाँड्रीवाला म्हणाला, "बाई, या तर धुतलेल्याच आहेत."

तीन महिन्यांनी एका मंगळवारी दहाला पाच कमी असताना जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. साहेब आले. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, पायांना हात लावायचा नाही, मान आणि खांदे हलक्या हाताने चालतील. ते इतके खुशीत होते की शर्टाचं वरचं बटण दारातच काढायला लागले.

"साहेब, आधी बसा," ताई म्हणाल्या.

त्यांनी उभं राहूनच सांगितलं, अगदी क्रमाने. आठ महिने बोटांना काही कळत नव्हतं, ते कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी तुमचा पाय मला कळला नाही. दोन्ही सारखे म्हणाले ते आठवणीतून म्हणाले. गाठ मी पकडली नाही. मी ती दाबली. मोज्याचा वळ हिला दिसला, म्हणून तुम्ही वाचलात.

"नाही," मी म्हटलं. "मला वळ आधीच दिसला होता काका. तुम्ही टेबलावर चढायच्या आधी. मी बोलले नाही."

साहेबांनी आधी ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या पायांकडे. एकच विचारलं, "चाळीस मिनिटं?"

"चाळीस," ताई म्हणाल्या.

त्यांनी बूट चढवले, नाड्या न बांधता, आणि गेले. जिन्याची प्रत्येक पायरी आम्हाला ऐकू आली. चिठ्ठी टेबलावरच राहिली.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. वाटलं, ते डेपोत सांगतील आणि दारात लोक येतील. कोणी आलं नाही, त्याने तर आणखीच जीव टांगणीला लागला. ताई रोज वेळेवर यायच्या, खुर्चीत बसायच्या, मांडीवर हात ठेवायच्या. मी ओरडायचे, त्या ऐकून घ्यायच्या. इतकी वर्षं ज्यांनी नाकावर माशी बसू दिली नाही, त्या बाईने माझं ऐकून घ्यावं, हे मला बघवेना. मग मीच ओरडायची बंद झाले.

पुढच्या मंगळवारी दहा वाजले. सव्वादहा झाले. मी तीनदा खिडकीत जाऊन आले. ताई म्हणाल्या, "बस आता. नाही येणार ते." साडेदहाला पावलं वाजली. एक पाय थोडा जड पडत होता.

साहेब दारातच उभे राहिले. "माझा राग गेलेला नाही," म्हणाले. "ते आधी सांगून ठेवतो."

आम्ही दोघी उभ्याच.

"सात दिवस घरात बसून नुसता धुमसतोय. मुलीला फोन केला. ती म्हणाली, पुन्हा त्या जिन्यावर पाऊल ठेवायचं नाही. मी म्हटलं, बरं. मग मोजे काढून बसलो आणि डाव्या पायाकडे बघत तुम्हाला शिव्या घातल्या." ते थांबले, श्वास घेतला. "मग शेजारी उजवा दिसला. त्याची करंगळी हलवून बघितली."

त्यांनी स्टूल ओढलं आणि ताईंच्या खुर्चीसमोर ठेवलं. त्यावर बसले. "बसा बाई. हात द्या."

ताई बसल्या. त्यांनी उजवा हात पुढे केला. साहेबांचा हात म्हणजे बत्तीस वर्षांच्या स्टिअरिंगने घट्टे पडलेला. त्यांनी ताईंचा अंगठा चिमटीत धरला आणि दाबला.

"कळतंय का?"

"नाही."

शेजारचं बोट. "आता?"

"नाही."

मधलं. त्यांनी इतकं दाबलं की नख पांढरं पडलं. "नाही साहेब."

चौथं. ताई म्हणाल्या, "अर्धं."

"अर्धं कसं असतं?"

"या बाजूने नाही. त्या बाजूने आहे."

मग करंगळी. ताईंचा खालचा ओठ हलायला लागला. साहेबांनी करंगळी सोडली नाही.

"कळतंय," ताई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना. मी या घरात आले तेव्हापासून त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"झालं तर मग," साहेब म्हणाले. "इथून सुरुवात." खिशातून त्यांनी एक कागद काढला. हॉस्पिटलात हाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, साडेअकराची. "ते विचारतील, कधीपासून. तेव्हा खरा महिना सांगायचा. मी शेजारी बसणार आहे."

ताईंनी एप्रन काढायला हात मागे नेले. गाठ त्यांना सुटेना. मी पुढे झाले आणि सोडली. साहेब स्टुलावरून उठत होते, पँट जरा वर सरकली होती, मोजेही खाली आले होते.

"काका," मी म्हटलं, "डाव्या पायावर वळ अजून जास्त आहे. उजव्यापेक्षा."

"डॉक्टरांना माहीत आहे," साहेब म्हणाले. "तरी बोललात ते बरं केलंत. चला."